पांढऱ्या चाकावरचा आळ

आमच्या बाबांनी आयुष्यात एकही वस्तू वाजवल्याशिवाय घरात आणली नाही. नारळ सगळेच वाजवून घेतात, त्यात नवल नाही. पण बाबा मडकं वाजवायचे, पाट वाजवायचे, फणसाची फळी कानाला लावून वाजवायचे. एवढं करून घेतलेली वस्तू घरी आली की अंगणात ठेवून पुन्हा एकदा वाजवायचे, वाटेत कुणी बदलली असेल तर? मासेवाली दारात टोपली उतरवायची तेव्हा बाबा बांगड्याचा कल्ला उघडून बघत, डोळा दाबून बघत आणि मग तिलाच विचारत, "आज इतक्या सकाळी कशी गो इलंस? कालचो माल तर नाय मा?" ती बाई वीस वर्षं आमच्याकडे येत होती. "तुमच्या दारात येवच्या आदी माका वकिलाक भेटूक व्हया," असं म्हणत ती टोपली पुन्हा डोक्यावर घ्यायला लागायची, आणि मग आई आतून धावत येऊन मासे घ्यायची. माझी थोरली बहीण सुमनताई, तिचं लग्न ठरत होतं तेव्हा बाबांनी मुलाच्या शेजाऱ्यांकडे चौकशी केली, त्या शेजाऱ्यांबद्दल पुढच्या शेजाऱ्यांकडे चौकशी केली, आणि सगळीकडून चांगलंच कानावर आल्यावर ते जास्तच काळजीत पडले. "एवढो बरो माणूस असता खंय?" असं ते आईला चार दिवस विचारत होते.

हा स्वभाव माझ्यातही उतरला आहे हे आधीच सांगून टाकते. साठी उलटली तरी आजही कुणी मला फुकट काही देऊ केलं की मी आधी ते उलटंपालटं करून बघते. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते वाचताना माझ्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

आम्ही कातारी. लाकूड लेथवर फिरवून त्याला पटाशी लावायची आणि त्यातून पोळपाट, लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब, देव्हाऱ्याचे खांब काढायचे, हा आमचा धंदा. मालवणहून देवबागेकडे जाणाऱ्या वाटेवर खाडीच्या अंगाला आमचं घर आणि घराला लागून मांगर. इतरांच्या मांगरात गवत आणि सुकी लाकडं असतात, आमच्या मांगरात लेथ होता. सकाळी आई चुलीवर घावणे घालायची तेव्हा तव्यावरचा चर्र आवाज आणि मांगरातला पट्ट्याचा फटफट आवाज एकदमच सुरू व्हायचा. फणसाच्या लाकडाची पिवळी साल लांबच लांब निघून बाबांच्या खांद्यावर पडायची, आणि ते तसेच जेवायला बसले की आमटीत भुसा. आई ओरडायची, बाबा म्हणायचे, "फणस तर आसा, खा." आजही मला फणसाच्या ओल्या लाकडाचा वास आला की काळ्या वाटाण्याची उसळ आठवते. बाबांना मुलगा नव्हता. आम्ही दोघी बहिणी. ह्या मांगराचं पुढे काय होणार, ही चिंता आमच्या घरात कुणी तोंडाने बोलत नसे, पण बाबांना येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांत आपला मांगर दिसायचा.

मला लेथला हात लावायची परवानगी नव्हती. "चेडवाचा काम नाय ता," झालं, संपलं. मला मांगरात शिरायला एकच निमित्त होतं, धारेचा दगड. मोठा, चाकासारखा गोल वालुकाश्माचा धोंडा, त्याला दांडा, आणि खाली पाण्याने भरलेली लाकडी डोण. मी दांडा फिरवायची, बाबा वरून पटाशी धरायचे, आणि धोंडा आपला पाण्यातून वर येत, पाण्यात जात, सावकाश धार लावायचा. एका पटाशीला अर्धा तास. काम संपलं की डोणीत पाणी भरून ठेवायचं, धोंडा अर्धा बुडालाच पाहिजे, कोरडा पडला तर तडकतो असं बाबा म्हणायचे. "धोंड्याक तान लागता गो, तेका पाणी दी," हे वाक्य मी सात-आठ वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी ऐकलं. रोज पाणी दिलं. दांडा फिरवता फिरवता मी बाबांचा हात बघायची. पटाशी कुठल्या कोनात धरतात, मनगट कसं वळतं, सगळं बघून घ्यायची आणि मनातल्या मनात खांब कातायची. एकोणीस वर्षांची होईपर्यंत मी असे हजारभर खांब मनातच कातले असतील.

सुमनताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिला पोचवायला भावोजी स्वतः आले. श्रीधर भावोजी मूळ कुडाळकडचे, पण वाढले मुंबईत आणि तिथेच एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरीला होते. उंच, सडपातळ, चष्मा, आणि बोलणं अगदी शुद्ध. हे शुद्ध बोलणंच नडलं. बाबा स्वतः शुद्ध मराठी फक्त ओरोसच्या कचेरीत बोलायचे, मांगराला विजेची जोडणी घ्यायला हेलपाटे घातले तेव्हा. त्यामुळे शुद्ध बोलणारा माणूस एकतर सरकारी, नाहीतर काहीतरी लपवणारा, असा त्यांचा पक्का समज झाला होता. त्यात भावोजींनी ताईच्या सामानाबरोबर एक जड खोकं उतरवलं. आत विजेवर चालणारा ग्राइंडर, वापरलेला पण ठणठणीत, आणि दोन चाकं. एक करडं, एक पांढरं.

"मामा, तुमच्यासाठी आणलंय," भावोजी म्हणाले. "अर्ध्या तासाची धार दोन मिनिटांत लागेल."

बाबांनी खोक्याभोवती एक फेरी मारली. "कित्याक?"

"म्हणजे?"

"माका कित्याक दितास?"

भावोजी हसले. त्यांना वाटलं सासरे थट्टा करतायत. बाबा थट्टा करत नव्हते. संध्याकाळी मागीलदारी ते आईला सांगताना मी ऐकलं, "जावय चारो टाकता. आज मशीन, उद्या मांगर." आई म्हणाली, "तुमच्या डोक्याक आता शेण लावूक व्हया," आणि भात बघायला आत गेली. मी मात्र गेले नाही. माझ्याही मनात काळं आलं होतं, पण वेगळं. हे यंत्र आलं तर दांडा कोण फिरवणार? दांडा गेला की माझा मांगर गेला. बाबांना वाटत होतं जावई मांगर घेणार, मला वाटत होतं यंत्र घेणार. बापलेकीची जोडी अशी.

दुसऱ्या दिवशी चाकांची निवड सुरू झाली. एका बाबतीत सासरा-जावयाचं जमलं, ते म्हणजे वाजवणं. भावोजींनी चाकाच्या भोकातून बोट घालून चाक अधांतरी धरलं आणि पटाशीच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारली. टण्ण असा स्वच्छ आवाज आला. "चिरलेलं चाक असं वाजत नाही, बद्द वाजतं," ते म्हणाले. बाबांचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैलावला. त्यांनी दोन्ही चाकं स्वतः पाच-पाच वेळा वाजवली. पण पुढे पुन्हा गाडी अडली. बाबांनी करडं चाक उचललं. टणक, नखाने खरवडलं तरी काही होत नव्हतं. पांढऱ्यावर नख ओढलं तर बोटाला पीठ लागलं. "जो धोंडो आपणच झिजता तो दुसऱ्याक काय धार लावतलो?"

भावोजींनी समजावलं. करडं टणक चाक बोथट झालं तरी आपले कण सोडत नाही, मग ते पोलाद कापत नाही, नुसतं घासतं आणि तापवतं. पांढरं मऊ असतं, बोथट झालेला कण गळून पडतो आणि खालचा नवा धारदार कण वर येतो, म्हणून पटाशी थंड राहते. चाकाच्या लेबलावर एक अक्षर असतं, त्यावरून मऊ की कडक ते कळतं, आकड्यावरून बारीक की जाड ते कळतं, आणि किती वेगापर्यंत चालेल तेही लिहिलेलं असतं, ते मशीनच्या वेगापेक्षा जास्तच हवं. बाबांनी मला लेबल वाचायला लावलं. मी वाचलं. मग त्यांनी भावोजींना वाचायला लावलं, दोघांचं जुळतंय का बघायला. हल्ली माझा नातू फोनवर चाकं बघतो, पोलादी चाकांवर हिऱ्यासारखी भुकटी बसवलेली असते म्हणे, ती झिजतही नाहीत, आणि शंभर लोकांनी त्याखाली आपापली मतं लिहिलेली असतात. मी त्याला म्हणते, ह्या शंभर लोकांना तू ओळखतोस का? तो म्हणतो, आजी, तू पण ना.

बाबांनी करडंच बसवून घेतलं आणि आपली सगळ्यात लाडकी गोल पटाशी लावली. गावच्या लोहाराने गाडीच्या पाट्यातून घडवलेली, त्यांच्या वडिलांच्या वेळची. ठिणग्यांचा फवारा उडाला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पटाशीचं टोक निळं झालं. पोलादाचं पाणी उतरलं, आता तिथे धार टिकणार नव्हती. बाबा ती निळाई अंगठ्याने पुसायला बघत होते, जशी काही डाग आहे. भावोजींनीच हळूच पटाशी त्यांच्या हातातून घेतली, निळा भाग सावकाश घासून काढला, पांढरं चाक बसवलं आणि तीच पटाशी त्यावर धरली. ठिणग्या कमी. पटाशी हाताला कोमट. बाबांनी तिने शिवणीच्या लाकडाच्या तुकड्यावर एक साल काढली, ती कागदासारखी निघाली. "बरी लागली," एवढंच म्हणाले, आणि भावोजींकडे अशा नजरेने बघितलं, जणू ह्यामागे नक्की काय आहे ते आता शोधलंच पाहिजे.

निघायच्या दिवशी सकाळी बाबा आंघोळीला गेले होते तेव्हा भावोजींनी मला मांगरात बोलावलं. "नंदा, धार लावायचं काम तुझं ना? मग तुलाच सांगतो. चाक सुरू करताना समोर उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं. पटाशी दाबायची नाही. आणि मुख्य म्हणजे हे चाक कोरडंच ठेवायचं. तुमच्या जुन्या दगडासारखं पाण्यात नाही. हे पाणी पितं, पाणी खालच्या अंगाला साचतं, आणि मग फिरताना चाक एका बाजूला ओढतं. फार वाईट थरथरतं. लक्षात राहील ना?"

मी म्हटलं, "हो."

भावोजी सकाळच्या एसटीने गेले. संध्याकाळी बाबांनी दोन्ही चाकं काढली. वाडीतल्या कुणी येऊन आपल्या कोयत्या घासल्या तर, किंवा चाकच पळवलं तर, म्हणून रोज रात्री चाकं घरात, त्यांच्या खाटेखाली, असा त्यांनी नियम केला आणि ती माझ्या हातात दिली. मी आधी नेहमीप्रमाणे जुन्या धोंड्याला पाणी दिलं. मग पांढरं चाक त्याच्या शेजारी डोणीत उभं केलं, अर्धं पाण्यात. करडं तेवढं घरात नेलं. बाबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. हात सवयीने गेला, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. सवय होतीच, अकरा वर्षांची. पण त्या क्षणी भावोजींचं बोलणं मला आठवत होतं की नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. जगातल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाला, शेवटी उरले मीच.

सकाळी मी चाक काढून पुसून बाबांना दिलं. त्यांनी बोटावर धरून वाजवलं. बद्द आवाज आला. पुन्हा वाजवलं, पुन्हा बद्द. त्यांच्या चेहऱ्यावर, कसं सांगू, एक प्रकारचं समाधान पसरलं. "बघ," ते म्हणाले, "परवा कसा वाजत होता आणि आता कसा वाजता. फुटका आसा. जावयाक ठाऊक होता." तरीही त्यांनी ते बसवलं, कारण खात्री करून घेतल्याशिवाय राहवेना. बटण दाबलं. ग्राइंडर असा थरथरला की अख्खं टेबल चालत सुटलं. बाबांनी त्यातच पटाशी टेकवली. ती उसळली आणि त्यांचा डावा तळहात आडवा चिरत गेली, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत.

मी धावत जाऊन बटण बंद केलं. आईने हळद दाबली, फडकं गुंडाळलं, शेजाऱ्यांच्या गाडीतून मालवणला डॉक्टरांकडे नेलं. नऊ टाके पडले. परत येताना बाबा वेदनेपेक्षा विचारात जास्त होते, आणि घरात पाऊल टाकताच त्यांनी निकाल दिला. "माका मारूक बघल्यान." कारखान्यातून बाद झालेलं फुटकं चाक मुद्दाम आणून दिलं, सासरा गेला की मांगर मुलीचा, मुलगी जावयाची. सगळं कसं बरोबर जुळत होतं. सुमनताई सातव्या महिन्याचं पोट सांभाळत दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "बाबा, काय बोलतास?" ती म्हणाली. "तू आता हयसरच ऱ्हवतलंस," बाबा म्हणाले. "असल्या माणसाच्या घराक मी माझा चेडू परत धाडूचंय नाय."

मी तिथेच होते. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. आज नको, उद्या बोलते, असं मी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी मला कागद-पेन घेऊन बसायला सांगितलं. त्यांचा हात बांधलेला, शिवाय पत्र शुद्ध मराठीत हवं. ते सांगत गेले आणि मी माझ्या वळणदार अक्षरात लिहीत गेले: "चि. श्रीधरराव यांस अनेक आशीर्वाद. आपण दिलेले पांढरे चाक फुटके निघाले. आमच्या जिवावर बेतले. यामागील हेतू आम्हांस कळला आहे. चि. सुमन यापुढे येथेच राहील." आशीर्वाद शब्द खोडू का, असं मी विचारलं. "आसूंदे," बाबा म्हणाले, "रीत आसा ती." पांढरं चाक त्यांनी पुरावा म्हणून आपल्या खाटेवरच्या भिंतीत खिळ्याला टांगून ठेवलं.

आणि आता जी गोष्ट सांगायला मला सगळ्यात लाज वाटते ती. वाडीतल्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, कठड्याचे चाळीस खांब बाबांनी कबूल केले होते आणि कातायला हात नव्हता. दोन दिवस ते मांगरात नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पटाशी धर बघूया." मी धरली. त्यांनी माझी मूठ बघितली, कोन बघितला. "खंय शिकलंस?" "तुमचो हात बघून." मग ते स्टुलावर बसून सांगत राहिले, "उतार सावकाश, मनगट फिरव गो," आणि मी कातत राहिले. पहिला खांब फुकट गेला, दुसरा बरा, पाचवा त्यांच्यासारखा. धार आता करड्या चाकावर, हात जपून, पाण्यात बुडवत बुडवत. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दोन महिने. पलीकडे घरात माझी बहीण उशीत तोंड घालून रडत होती आणि इकडे मी लाकडाची साल उडवत मनात गाणी म्हणत होते. मी खरं बोलले तर भावोजी सुटतील, पण मग चाक पाण्यात का ठेवलंस, हे बाबा विचारतील, आणि मला लेथवरून उठवतील, ही भीती. एवढीशी भीती, तिच्यापुढे बहिणीचा संसार.

ताईला मुलगी झाली. कळवल्यावर भावोजींचं कार्ड आलं: "बारशाला येतो. चाक आहे तसंच ठेवा, कोणी हात लावू नका." बाबा म्हणाले, "पुरावो नायसो करूक येता." बारशाची तयारी त्यांनी थांबवून टाकली, आधी निकाल, मगे बारसो. आई संतापून म्हणाली, "त्या पोरीन काय तुमचा चाक फोडला?" पण बाबा ऐकेनात. त्याच दुपारी बाळाला मांडीवर थोपटत असताना ताईने मला हळूच विचारलं, "नंदे, तुका काय वाटता? तेंनी मुद्दाम केल्यानी आसात?"

 इतके दिवस ती नवऱ्याची बाजू घेऊन भांडत होती. आता तिलाही शंका यायला लागली होती. बाबांचा रोग तिला लागला होता, आणि तो मी लावला होता. "नाय गो," मी म्हटलं. "तुका काय ठाऊक?" ती म्हणाली. "माणसाच्या मनातला कोणाक कळता?" असं म्हणून तिने बाळाच्या अंगावरचं दुपटं उगाचच नीट केलं.

भावोजी आले. आईशिवाय कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला नाही. बाबा चाक घेऊन मांगरात पुढे झाले आणि आम्ही सगळे मागून, ताई बाळाला घेऊन दारात. भावोजींनी चाक बोटावर धरलं आणि टिचकी मारली. टण्ण. बाबा दचकले. भावोजींनी ते बसवलं, आम्हाला बाजूला उभं केलं, बटण दाबलं. चाक असं गुळगुळीत फिरलं की फिरतंय की नाही कळेना. दोन महिने खिळ्यावर टांगून ते खडखडीत सुकलं होतं.

"बदललात!" बाबा ओरडले. "पिशयेतसून दुसरा हाडलात!"

"मामा, लेबल बघा. तुमच्या हाताचं रक्त आहे त्यावर."

लेबलावर काळपट डाग होताच. बाबांनी चष्मा लावून तो बघितला. "रगात कोणाचाय असात," ते म्हणाले.

आईने कपाळावर हात मारला. भावोजी मात्र चाकाकडे बघत विचार करत होते. मग त्यांनी सरळ विचारलं, "हे चाक त्या रात्री पाण्यात होतं का?" प्रश्न बाबांना होता, पण नजर माझ्याकडे वळली आणि लगेच दुसरीकडे गेली. "छा," बाबा म्हणाले, "माझ्या खाटेखाली होता." ताई दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत मी नवऱ्याबद्दलचा तो संशय बघितला, आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं.

"बाबा, मी ठेवलेलंय ता चाक पाण्यात. डोणीत. रातभर."

मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. बाबा चक्क हसले. "भयणीसाठी खोटा बोलतंस? कोणी शिकयल्यानी? ह्यांनी?" त्यांनी हनुवटीने भावोजींकडे दाखवलं. मी आईची शपथ घेतली, देवाची घेतली, काही उपयोग नाही. इतके दिवस खरं दाबलं आणि आता ते कुणाला विकलं जात नव्हतं. शेवटी मी रडतच म्हटलं, "मगे परत ठेवून बघूया. तुमच्यासमोर."

संध्याकाळी बाबांनी स्वतःच्या हाताने चाक डोणीत उभं केलं, मांगराला कुलूप लावलं आणि चावी करगोट्याला बांधली. सकाळी स्वतःच काढलं, पुसलं, वाजवलं. बद्द. भावोजींनी बसवलं, सगळ्यांना भिंतीशी नेलं, बटण दाबलं. टेबल धडधडत पुढे सरकलं, आणि चाकातून पाण्याची एक सरळ रेघ उडून भिंतीवर, छपरावर आणि बाबांच्या सदऱ्यावर उमटली. पहिल्या वेळीही उडाली असेल, पण तेव्हा आम्हा सगळ्यांचं लक्ष रक्ताकडे होतं. भावोजींनी बटण बंद केलं. बाबा सदऱ्यावरचं पाणी बोटाने चाचपत उभे राहिले. डाव्या तळहातावरचा वण लालबुंद दिसत होता. ताईच्या हातात बाळ कुरकुरत होतं.

मग बाबा माझ्याकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे तसं बघितलं, जसं ते बांगड्याच्या डोळ्याकडे बघायचे. "तुका कोणी सांगूक नाय? ह्या पाण्यात ठेवूचा नाय म्हणान?"

मी तोंड उघडलं. 

"चूक माझी आहे, मामा," भावोजी म्हणाले. "जाण्याच्या घाईत मी सांगायचंच विसरलो. जुना दगड पाण्यात असतो, तिने हाही ठेवला. तिला कसं कळणार?"

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा उजळला की काय सांगू. "मगे!" ते गरजले. "मी काय म्हणत होतंय? चूक जावयाचीच! पयल्या दिवसापासून म्हणत होतंय!" आईला हाक मारली, "अगो, बारशाची तयारी कर, जावयबापूंची चूक कबूल झाली!" आणि त्या आनंदात त्यांनी सहा घावणे खाल्ले आणि सुमनताईला तिसऱ्या महिन्यात मुंबईला धाडायचं स्वतःच जाहीर केलं. ताई हसत होती आणि रडत होती. मी भावोजींकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते, चांगला स्वच्छ होता तरी.

त्यांनी मला सांगितलं होतं, हे आमच्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नाही. सुमनताईला आज हे वाचूनच कळेल. बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, लेथ शेवटी माझ्याच हाती दिला, आणि भावोजी मे महिन्यात सुट्टीवर आले की पहिल्याच जेवणाला बाबा हटकून विचारायचे, "श्रीधरराव, यंदा काय सांगूचा विसरलात नाय मा?" सगळे हसायचे. भावोजीही हसायचे, म्हणायचे, "नाही मामा, एकदा चुकलो ते चुकलो." आणि मी तिथेच असायची, भाताचं पातेलं हातात धरून, त्यांच्या ताटात वाढत.